सहज प्रेक्षकाचे मत: दिल्लीचे काही चित्रपट

चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस आपले मत सहसा एका वाक्यात देतो. 'टाइमपास आहे.' 'मध्यंतरानंतर ढेपाळला.' 'पैसे वसूल.' 'चांगला आहे, पण फार डार्क आहे बुवा.' असे बोलणाऱ्याने चित्रपटाचा अभ्यास केलेला नसतो, दिग्दर्शकाचे आधीचे काम पाहिलेले असतेच असे नाही, आणि मत देताना त्याचे अर्धे लक्ष रिक्षा मिळते की नाही याकडे असते. या टिपणापुरते आपण त्याला 'सहज प्रेक्षक' म्हणू.

समीक्षेच्या अभ्यासक्रमात या मतांना फारशी जागा नसते. पदवीच्या उत्तरपत्रिकांत तर उलटाच प्रकार दिसतो. 'खोसला का घोसला' पाहताना ज्याला मनापासून हसू आले, तोच विद्यार्थी उत्तरात 'मध्यमवर्गीय जाणिवांचे वास्तववादी चित्रण' असे लिहून मोकळा होतो. हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येते, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्याचे हसू मात्र त्या एका चित्रपटाचे होते. ते का आले, कुठे आले आणि कुठे यायला नको होते, हे त्याने लिहिले असते तर समीक्षेची सुरुवात झाली असती. आस्वाद ही समीक्षेची पहिली पायरी आहे हे मराठी समीक्षेत आपण नेहमी वाचतो, पण पायरी म्हटली की ती ओलांडून पुढे जायचे असाच अर्थ घेतला जातो. इथे आपण त्या पायरीवर जरा बसू.

त्यासाठी दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातले काही चित्रपट घेतले आहेत. निवड मुद्दाम विस्कळीत आहे: एक हलकाफुलका विनोदी, एक ठकवाठकवीचा, एक अंगावर येणारा कौटुंबिक, एक थरारपट, एक कोर्टातला आणि एक माहितीपट. सहज प्रेक्षक असेच पाहतो, जे समोर येईल ते. दिल्लीच का, तर दिल्लीला कधीही न गेलेल्या माणसालाही दिल्ली चित्रपटांतून ओळखीची झालेली असते, आणि त्या ओळखीवर त्याची मते उभी असतात. शिवाय 'पैसे वसूल' या मताला आज जो अर्थ आहे तो घडण्यातही या शहराचा वाटा आहे. देशातले पहिले मल्टिप्लेक्स, पीव्हीआर अनुपम, १९९७ साली दिल्लीच्या साकेतमध्ये सुरू झाले. कॅनॉट प्लेसचे रीगल २०१७ साली बंद पडले, चाणक्य त्याच्या दहा वर्षे आधी. तिकीट वाढले की प्रेक्षकाच्या मतातला हिशेबही वाढतो. महाग तिकीट काढून रडायला कोण जाणार, हा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारला जात असला तरी तो खरा प्रश्न आहे.

'किती साधे, निरागस दिवस होते ते'

सुरुवात सई परांजपे यांच्यापासून करू. पुण्यात वाढलेल्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि दिल्ली दूरदर्शनवर काम केलेल्या या मराठी दिग्दर्शिकेने दिल्लीत घडणारे दोन चित्रपट दिले. 'स्पर्श' (१९८०) अंध मुलांच्या शाळेत घडतो. नसीरुद्दीन शाह यांचा मुख्याध्यापक स्वतः अंध आहे आणि त्याला कोणाची मदत नको आहे, शबाना आझमी यांची कविता विधवा आहे आणि तिला कोणाच्या तरी उपयोगी पडायचे आहे. या दोन गरजा एकमेकींना कापतात. सहज प्रेक्षक याला 'संथ पण छान' म्हणतो आणि ते बरोबर आहे, त्यावर मी अधिक काही म्हणत नाही.

'चश्मे बद्दूर' (१९८१) मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. एका खोलीत राहणारे तीन मित्र, त्यातला अर्थशास्त्राचा अभ्यास करणारा सिद्धार्थ (फारूख शेख), कायम उधारी थकवणारे ओमी आणि जोमो (राकेश बेदी, रवी बासवानी), पानाच्या टपरीवरचे लल्लन मियाँ (सईद जाफरी) आणि घरोघरी जाऊन 'चमको' धुण्याची पावडर विकणारी नेहा (दीप्ती नवल). यावर दोन मते ऐकू येतात. मोठ्या वयाचे प्रेक्षक म्हणतात, किती निरागस. आजच्या विद्यार्थिनी म्हणतात, मुलींच्या मागे लागणे यात विनोद कसला?

दोन्ही मते एकाच दृश्यांवर बेतलेली आहेत. ओमी आणि जोमो पाळीपाळीने नेहाला पटवायला जातात, फजिती होऊन परत येतात आणि मित्रांना मात्र आपल्या विजयाच्या भन्नाट कथा सांगतात. त्या कथा पडद्यावर हिंदी चित्रपटांतल्या प्रेमगीतांच्या नकलेत दिसतात. परांजपे इथे प्रेक्षकाच्याच सवयीची चेष्टा करत आहेत: बागेत गाणे म्हटले की मुलगी हो म्हणते ही समजूत या पोरांनी कुठून आणली, तर चित्रपटगृहातून. म्हणजे आजच्या विद्यार्थिनीला जे खटकते ते दिग्दर्शिकेलाही हास्यास्पदच वाटले होते. पण तक्रार तेवढ्याने मिटत नाही. पुढे नायकाला नायक ठरवण्यासाठी अपहरणाचे नाटक रचण्याचा बेत होतो, मग खरेच अपहरण घडते, आणि चित्रपट त्यालाही धमालीतच गुंडाळतो. तिथे विद्यार्थिनीचे मत अधिक टिकते.

मात्र 'निरागस' या शब्दातही एक निरीक्षण आहे, जे बोलणाऱ्याच्या लक्षात आलेले नसते. नेहा एकटी, पावडरीची पिशवी घेऊन, अनोळखी तरुणाच्या खोलीत जाते आणि प्रात्यक्षिक दाखवते. चित्रपट त्या प्रसंगात भीतीची एक छटाही आणत नाही. त्या काळची दिल्ली खरोखर इतकी सुरक्षित होती का, हे चित्रपटावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की त्या वेळी अशा दृश्यात प्रेक्षक धास्तावणार नाही अशी खात्री दिग्दर्शिकेला होती. आज तेच दृश्य तसेच चित्रित केले तर सभागृहात कोणीतरी श्वास रोखून बसेल. 'निरागस' हे विशेषण त्या काळाला लावलेले दिसते, पण ते बदललेल्या प्रेक्षकाबद्दल सांगत असते.

प्लॉट आणि पार्किंग

दिबाकर बॅनर्जी यांचा 'खोसला का घोसला' (२००६) हा सहज प्रेक्षकाच्या सर्वाधिक लाडक्या चित्रपटांपैकी एक. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे कमल किशोर खोसला (अनुपम खेर) आयुष्यभराच्या पुंजीतून एक प्लॉट घेतात. खुराना (बोमन इराणी) नावाचा दलाल त्यावर कब्जा करतो, भिंत घालतो आणि जागा सोडायचे पंधरा लाख मागतो. पोलिसांचा उपयोग होत नाही. शेवटी धाकटा मुलगा आणि त्याचे मित्र नाटकमंडळींना हाताशी धरून खुरानालाच गंडवतात: मत्स्यव्यवसाय खात्याची सरकारी जमीन आपली म्हणून त्याला विकायला काढतात आणि त्याचाच पैसा त्याला खंडणी म्हणून देतात.

'आपल्याच घरातली गोष्ट वाटते' हे या चित्रपटावरचे ठरलेले मत. ते अचूक आहे आणि ते जयदीप साहनी यांच्या लेखनाचे यश आहे. बापाने मुलांना न विचारता सगळ्यांच्या खोल्या ठरवून टाकणे, मुलाने परदेशी जायचे तिकीट लपवणे, आपले चिरौंजीलाल हे नाव त्याला नकोसे होणे, हे पंजाबी दिल्लीचे असूनही कोल्हापुरात किंवा इंदुरात जसेच्या तसे पोचते.

आता या मताला उलटा प्रश्न विचारू. आपल्या घरातली गोष्ट असेल तर आपण नेमके कशाला हसलो? एक सभ्य माणूस पोलीस, वकील, मध्यस्थ या सगळ्या दारांवरून परत येतो आणि फसवणुकीचा उपाय फसवणूकच आहे हे मान्य करतो. आपण सुटकेचे हसू हसतो, म्हणजे न्याय त्या दारांतून मिळणार नाही हे आपल्याला आधीच पटलेले असते. दुःखी चित्रपटात हेच विधान भाषण वाटले असते. इथे ते हसण्यातून निसटून आपल्या तोंडून वदवून घेतले जाते. मुंबईच्या घराचे स्वप्न दाखवणारा भीमसैन यांचा 'घरौंदा' (१९७७) आठवून पाहा: तिथेही बिल्डर फसवतो, पण त्या फसवणुकीने प्रेमिकांचे नातेच आतून पोखरले जाते. तिथला प्रेक्षक हसत बाहेर पडत नाही.

दुसरी गोष्ट सहज प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, आणि चित्रपटही ती आणून देत नाही. तो प्लॉट खोसलांच्या आधी कोणाचा होता? दिल्लीत १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाल्यानंतर शहरातल्या जमिनीचा विकास मोठ्या प्रमाणावर सरकारच्या हाती गेला आणि खासगी विकसक हद्दीबाहेर, गुडगावसारख्या ठिकाणी, शेतजमिनी घेऊ लागले. प्लॉटखाली शेत असते. खोसला बळी आणि खुराना चोर या मांडणीत ते शेत दिसत नाही. हा चित्रपटाचा दोष मानायचा की मर्यादा, यावर वर्गात वाद व्हावा. मी मर्यादा म्हणेन, कारण दीड-दोन तासांच्या विनोदी चित्रपटाकडून जमिनीच्या इतिहासाची मागणी करणे हा समीक्षकाचा हट्ट होईल.

त्या इतिहासाची किंमत दुसऱ्या एका चित्रपटाने वसूल केली. कनू बहल यांचा 'तितली' २०१४ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि २०१५ साली भारतात प्रदर्शित झाला. त्याच्या निर्मात्यांत स्वतः दिबाकर बॅनर्जी होते, आणि खोसलांचा थोरला मुलगा बंटी झालेला रणवीर शोरी इथे गाड्या लुटणाऱ्या कुटुंबातला थोरला भाऊ विक्रम आहे. धाकट्या तितलीला (शशांक अरोरा) घरातून पळायचे आहे. बांधकाम चालू असलेल्या एका मॉलचे पार्किंग ताब्यात घ्यायला त्याला तीन लाख हवे आहेत. घरचे त्याचे लग्न लावून देतात. बायको नीलू (शिवानी रघुवंशी) दुसऱ्या कोणावर प्रेम करते, आणि तिच्या नावावर एक मुदत ठेव आहे.

म्हणजे ताळा एकच: शहराच्या कडेला एक जागा, तिच्यासाठी लागणारा पैसा, एक घर. पण इथे सहज प्रेक्षक म्हणतो, 'फार डार्क.' अनेकांनी तो मध्येच सोडला. ज्या दृश्याशी ते थांबतात ते बहुधा हे असते: नीलूने बँकेच्या कागदावर सही करू नये म्हणून तितली, तिच्याच संमतीने, तिचा हात मोडतो.

'डार्क' हा शब्द चित्रपटाच्या रंगाबद्दल बोलतो आणि प्रश्न टाळतो. या दृश्यात जे असह्य आहे ते रक्त नव्हे. दोघे व्यवहार करत आहेत. तिला तिच्या प्रियकराकडे जायचे आहे, त्याला पार्किंगकडे, आणि दोघांच्या सुटकेची किंमत तिच्या मनगटातून वजा होते. तो भूल देतो, धीर देतो, जवळजवळ प्रेमाने वागतो. खोसलांच्या घरात आपण ज्या जुगाडाला टाळ्या वाजवल्या तोच हा जुगाड, फक्त ज्यांच्याकडे नाटकमंडळी नाहीत, इंग्रजी नाही, गमावायला प्लॉटही नाही, त्यांच्या हातातला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला पहिल्यातले हसू जरा जपून येते. पहिला चित्रपट त्यामुळे वाईट ठरत नाही. खोसलांवरचे प्रेम कायम ठेवूनही हे म्हणता येते.

जिथे शेवटचा मॉल संपतो

नवदीप सिंग यांच्या 'एनएच १०' (२०१५) मध्ये गुडगावचे एक सुस्थितीतले जोडपे सुट्टीसाठी गाडीने निघते आणि हरियाणात एका तरुण जोडप्याच्या 'इज्जती'साठी केलेल्या खुनाचे साक्षीदार होते. कैथल जिल्ह्यातल्या मनोज आणि बबली यांच्या २००७ सालच्या हत्येची सावली या कथेवर आहे. त्या खटल्यात कर्नालच्या न्यायालयाने २०१० साली दोषींना शिक्षा सुनावली होती. चित्रपटातला एक पोलीस मीराला (अनुष्का शर्मा) सांगतो की गुडगावचा शेवटचा मॉल संपतो तिथे लोकशाही आणि संविधानही संपते.

जिवाच्या आकांताने धावणारी मीरा गावच्या सरपंच बाईंच्या घरी आसरा मागते. त्या अम्माजी म्हणजे खून झालेल्या मुलीची आई, आणि खुनाला त्यांचा पाठिंबा आहे. ही भूमिका दीप्ती नवल यांनी केली आहे. चमको पावडर घेऊन निर्धास्तपणे अनोळखी दारात उभी राहिलेली मुलगी चौतीस वर्षांनी त्याच प्रदेशातले दार आतून बंद करून घेते. दिग्दर्शकाने हे मनात धरून निवड केली असेल असे मी म्हणत नाही. पण जुने चित्रपट पाहिलेल्या सहज प्रेक्षकाच्या पोटात तिथे जो गोळा येतो, तो कोणत्याही सिद्धांताशिवाय येतो. हे त्याचे भांडवल आहे. तो चेहरे विसरत नाही.

'पैसे वसूल' हे मत शेवटासाठी असते. मीरा परत येते, गाडी आणि लोखंडी सळई घेऊन एकेकाचा हिशेब चुकता करते, सिगारेट ओढत थांबते. सभागृहात शिट्ट्या वाजतात. त्या क्षणी मारली गेलेली पिंकी आणि तिचा नवरा कोणाच्या मनात असतात? सूड शहरातल्या बाईचा, तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्यासाठी. गावातली मुलगी त्या सूडाचे निमित्त होऊन मागे राहते. चित्रपट थरारपट म्हणून पक्का बांधलेला आहे, तरी शेवटी त्याने प्रेक्षकाला हवे ते दिले आणि स्वतः उभा केलेला प्रश्न वाटेत सोडला, असे माझे मत आहे. वर्गातल्या मुली बहुधा याला विरोध करतात. त्यांचे म्हणणे असे की एकदा तरी पडद्यावर बाईने मारलेले पाहायला मिळाले, तेही नको का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो शिट्टीतूनच आलेला आहे.

'पिंक' (२०१६) बद्दल थोडेच. अनिरुद्ध रॉय चौधरी यांच्या या चित्रपटात भाड्याच्या घरात राहणाऱ्या तीन नोकरदार मुली आहेत. सूरजकुंडच्या एका रात्रीनंतर त्यांच्या मागे लागलेली राजकारणी घरातली पोरे आहेत, आणि खटला आहे. टाळ्या पडतात त्या अमिताभ बच्चन यांच्या वकिलाला, 'नाही' या शब्दाचा अर्थ तो कोर्टात समजावतो तेव्हा. पूर्वार्ध 'रेंगाळतो' अशी तक्रार असते. मला पूर्वार्धच मोलाचा वाटतो: घरमालकावर येणारा दबाव, एकीची नोकरी जाणे, समोरच्या घरातून पाहणारा तोंडावर प्रदूषणाचा मुखवटा लावलेला म्हातारा. बाईला शहरातून हाकलण्याची प्रक्रिया अशीच रेंगाळत चालते. घरमालकाच्या फोनाने ती सुरू होते. टाळ्या मात्र पुरुषाने मोठ्या आवाजात सांगितल्यावरच पडाव्यात, ही चित्रपटाची तडजोड आणि आपलीही.

'काही घडतच नाही'

शेवटचा चित्रपट सहज प्रेक्षकापर्यंत सहसा पोचत नाही. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा माहितीपट सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळवून ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. वजीराबादमध्ये राहणारे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ तळघरात साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याच्या कामाशेजारीच जखमी घारींवर उपचार करतात. पतंगाच्या मांज्याने कापलेले पक्षी, काळवंडलेली हवा, बाहेर २०२० साली पेटत चाललेले शहर. सुमारे दीड तासात कथा म्हणावी असे फारसे घडत नाही, हे मत खरे आहे.

ज्या विद्यार्थ्याला कंटाळा आला त्याने तो लपवू नये. त्याने एवढे नोंदवावे की कंटाळा नेमका कोणत्या मिनिटाला आला आणि त्या वेळी पडद्यावर काय होते. सुरुवातीच्या रात्रीच्या दृश्यात कॅमेरा रस्त्याकडेच्या उंदरांवरून इतका हळू सरकतो की आधी किळस येते, मग नाइलाजाने आपण पाहू लागतो, आणि मग त्या घाणीत केवढी धांदल चालली आहे ते दिसते. दिल्लीची दंगल चित्रपटात बातमीच्या आवाजासारखी, भिंतीपलीकडून येते. भाऊ घारीच्या पंखाला टाके घालत असतात. दंगल समोर का दाखवली नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारले, आणि दुसऱ्याने उत्तर दिले की त्यांच्या घरातही ती तशीच ऐकू आली असेल. समीक्षेचे एकही पारिभाषिक नाव त्या उत्तरात नव्हते.

लेखनासाठी: वरीलपैकी कोणताही एक चित्रपट घरच्या एखाद्या मोठ्या माणसाबरोबर पाहा. आई, मामा, आजोबा, कोणीही चालेल. मध्येच काही विचारू नका. शेवटी त्यांनी जे पहिले वाक्य उच्चारले ते त्यांच्याच शब्दांत, बोलीतले असेल तर बोलीतच, वहीत लिहून घ्या. त्याखाली तुमचे स्वतःचे पहिले वाक्य लिहा. दोन्हींत फरक असेल तर तो ज्या दृश्यापाशी सुरू होतो ते दृश्य पुन्हा पाहा, आणि फक्त त्या एका दृश्याबद्दल सहाशे शब्द लिहा. 'वास्तववादी चित्रण' हे शब्द वापरायचे नाहीत.